एकावर धरलेला टेप

दार लोटून घे रे कुणीतरी, आणि ते मोबाईल पालथे ठेवा. सांगतोय ती ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो शाळेत माझ्या बाकावर बसायचा, आणि जन्मात त्याने कधी थाप मारली नाही. थाप मारायला जी अक्कल लागते ती देवाने त्याला दिलीच नव्हती.

धंदा जमीन मोजायचा. आम्ही त्याला फुटपट्टी म्हणायचो. जेवायला बसला तरी आधी ताट टेबलाच्या कडेशी सरळ करून घेणार, मग घास. "माझी मोजणी इंचाने चुकली तर मिशी उतरवीन," हे त्याचं पालुपद. आणि मिशी होती चांगली झुपकेदार. तुम्ही त्याला बिनमिशीचाच पाहिलाय. का, ते ऐका.

गेल्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरची एकोणीस, मंगळवार. अमावस्या वगैरे काही नव्हती, मी उगाच तिखटमीठ लावत नाही. एका बाईंनी त्याला बोलावलं होतं. नवरा सुतारकाम करायचा, जूनमध्ये गेला. शेजारी धाकट्या दिराचं घर. दोन्ही घरांच्या मध्ये त्यांना कुंपण घालायचं होतं. जाळीवाला सकाळी सातला माणसं घेऊन यायचा होता, त्याच्या आत हद्द नक्की करून द्या, म्हणाल्या.

ही जागा फुटपट्टीनेच बारा वर्षांपूर्वी मोजली होती. वडील गेल्यावर दोघा भावांनी हसतखेळत वाटणी केलेली. थोरल्याच्या भिंतीच्या कोपऱ्यापासून साठ फूट थोरल्याचे, पुढचं सगळं धाकट्याचं. साठाव्या फुटावर फुटपट्टीने दगड पुरला, सिमेंट ओतलं, कागद करून दिला. त्या दिवशी दोघं भाऊ एका ताटात जेवले, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

सहा महिन्यांनी थोरल्याने पत्र्याची शेड घालायला स्वतःच्या टेपने मोजलं. भरले एकोणसाठ. त्याने फुटपट्टीला फोन केला, एकदा येऊन बघा म्हणाला. आणि हा शहाणा काय बोलला माहितेय? "कागदावर साठ आहे. माझी मोजणी चुकत नाही. दगड हलला असेल."

गेला नाही. बघितलंही नाही. फोनवरच निकाल दिला.

दगड हलला असेल, तर तो हलवला कुणी? झालं. थोरला धाकट्याला चोर म्हणाला. धाकटा म्हणाला, मी दगडाला हात लावला असेल तर हात झडो. एका फुटापायी पाठीला पाठ लावून आलेले भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. थोरला अंथरुणाला खिळला तेव्हा धाकटा रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन उभा राहायचा. थोरला भिंतीकडे तोंड करायचा.

तर त्या मंगळवारी फुटपट्टीची गाडी वाटेत पंक्चर झाली आणि पोचायला साडेसात वाजले. मिट्ट काळोख. त्याच्याकडे टॉर्च, पिशवीत चुन्याची फक्की, आणि नवा कोरा स्टीलचा टेप, शंभर फुटी.

बाई दारात होत्या. फुटपट्टीने विचारलं, "दुसरं टोक कोण धरेल, वहिनी?"

"मीच धरते. तुम्ही व्हा पुढे, चप्पल घालून आलेच."

त्याने टेपचं टोक भिंतीच्या कोपऱ्याशी जमिनीवर ठेवलं आणि टेप सोडत सोडत दगडाकडे गेला. दगड जागेवर होता. पंचवीस पावलांवरचा कोपरा काही दिसत नव्हता. तेवढ्यात टेप जमिनीवरून वर उचलला गेला. ताठ झाला.

"धरलंत, वहिनी?"

टेपला एक झटका बसला. एकच.

फुटपट्टीने टॉर्च लावला आणि दगडावरच्या रेघेशी आकडा वाचला. साठ. बरोब्बर साठ. तो मनाशी हसला. मिशी वाचली, म्हणाला.

"वहिनी, साठ भरले बरं का. माझंच बरोबर होतं."

पुन्हा एक झटका.

आणि मग ओसरीवरचा दिवा लागला... दार उघडलं... बाई बाहेर आल्या.

"आले हो. एक चप्पल कुठं गेली, सापडेचना."

त्या दारात होत्या. कोपऱ्यापासून वीस पावलं लांब.

टेप अजून ताठ होता.

...मग सैल पडला. हळूच. कुणीतरी खाली ठेवावा तसा.

म्हणालो ना, फुटपट्टीला अक्कल कमीच. त्याला वाटलं, टेप कशात तरी अडकला असेल. बाईंना म्हणाला, कोपऱ्याला लावून शून्यावर धरा. त्यांनी धरलं. त्याने वाचलं.

एकोणसाठ.

पुन्हा मोजलं. एकोणसाठ.

बाई जवळ आल्या. "मी सांगत नव्हते? चोर आहे तो. ह्यांना खाऊन बसला."

फुटपट्टी गुडघ्यावर बसला. टॉर्चच्या उजेडात बुंध्याची माती उकरली. त्याने ओतलेलं सिमेंट होतं तसं होतं. त्यात खिळ्याने कोरलेली तारीख, त्याच्याच अक्षरात. एक तडा नाही. दगड तसूभरही हलला नव्हता.

मग आत्ता साठ कसे भरले?

आणि मग, पोरांनो, त्याला आठवलं. बारा वर्षांपूर्वीचा तो जुना टेप. टोकाची कडी तुटलेली, पहिले चार इंच गेलेले. मोजणारे अशा वेळी काय करतात, एकाच्या आकड्यापासून धरतात आणि शेवटी तो एक फूट वजा करतात. त्या दिवशी टोक थोरल्याने धरलं होतं. फुटपट्टीनेच त्याला सांगितलं होतं, "कडी तुटलीय दादा, एकावर धरा. ओरडू नका, धरलं की एक झटका द्या, मला कळेल."

एकावर धरायला सांगितलं. आणि एक वजा करायला विसरला.

साठाच्या आकड्यापाशी दगड पुरला, म्हणजे जागा एकोणसाठच. थोरला खरं बोलत होता. धाकटाही खरं बोलत होता.

आणि आत्ता ज्याने टोक धरलं... त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, की आता एकावर धरायचं नाही.

फुटपट्टी ओक्साबोक्शी रडला. मला सांगताना पुन्हा रडला. बाईंना त्याने सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. त्या ऐकत उभ्या होत्या.

"ह्यांना नेलं त्या दिवशी," म्हणाल्या, "भावोजी खांदा द्यायला आले होते. मी हात धरून बाहेर काढलं त्यांना. सगळ्यांदेखत."

फुटपट्टी उठला. टेपचं टोक पलीकडे कोपऱ्याशी पडलेलं होतं. बाई त्याच्या शेजारी. पलीकडे कुणी नव्हतं. तो काळोखाकडे बघून बोलला.

"दादा... चूक माझी होती. तुमच्या भावाने काही केलं नाही."

टेप जमिनीवर तसाच.

"आता... शून्यावर धरा."

बाईंनी त्याचा दंड धरला.

टेप जमिनीवरून उचलला गेला. दोघांनी पाहिलं. वर आला... ताठ झाला... थरथरला.

एक झटका.

एकोणसाठ.

मग टेप खाली टेकला. पुन्हा हलला नाही.

बाईंनी टॉर्च मागितला नाही, चपला शोधल्या नाहीत. अनवाणीच गेल्या आणि दिराचं दार वाजवलं. फुटपट्टी दगडापाशीच उभा होता, तरी त्याला तिथवर ऐकू आलं. "भावोजी, तुमचा दगड हलला नव्हता." एवढंच म्हणता आलं त्यांना. धाकट्याने विचारलं, "दादाला कळलं का?" त्या "हो" म्हणाल्या. मग पन्नाशी उलटलेला तो माणूस उंबऱ्यात बसून ढसाढसा रडला.

सकाळी सातला जाळीवाला आला. त्याला चहा पाजून परत पाठवला. फुटपट्टी रात्रभर ओसरीवर बसून होता. टेप गुंडाळायचा त्याला धीर झाला नव्हता, तो उजाडल्यावर तिघांनी मिळून उचलला.

नव्या कोऱ्या टेपवर चुन्याचे दोन ठसे होते, अंगठ्याचे. एक एकाच्या आकड्यावर. एक अगदी टोकाला, शून्यावर. दोन्ही ठशांत मधोमध आडवी रेघ गेलेली, जखमेच्या वणासारखी.

"दादाला करवत लागली होती," धाकटा म्हणाला. "मी फळी नीट धरली नव्हती. लहान होतो." आणि त्याने आपला अंगठा शून्यावरच्या ठशाशेजारी ठेवला.

फुटपट्टीने पिशवी पाहिली. फक्कीची पुडी तळाशी होती. दुकानदाराने मारलेली गाठ अजून सुटलेली नव्हती.