न वाजणारी खिडकी

तो पहिल्यांदा भेटला तेव्हा मी स्टुलावर चढून भिंतीला रजई दाबून धरली होती.

रजईमागे चोर आला की वाजणारा आमचा भोंगा होता आणि तो जिवाच्या आकांतानं बोंबलत होता. भर दुपारी गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडत होत्या. माझ्या अंगावर घरातला विटका गाऊन, केसांत पंख्याची धूळ... आयुष्यातल्या महत्त्वाच्या माणसाला भेटताना निदान केस तरी विंचरलेले असावेत, एवढी माफक इच्छा होती माझी. पण कुठलं काय!

"आत येऊ का?" दारातून कुणीतरी ओरडलं. "चोर नाहीये मी!"

"चोर असाल तरी या!" मी तिथूनच किंचाळले. "आधी हे बंद करा!"

तो शेजारच्या काकूंकडे दारावरचा कॅमेरा बसवायला आला होता. कमरेला हत्यारांचा पट्टा, नाकावरून घसरणारा चष्मा. त्यानं पॅसेजमधलं कपाट उघडलं, आतल्या लोखंडी पेटीचं झाकण काढलं आणि दोन वायरी उपटल्या. घर एकदम गप्प झालं. मी मात्र रजई तशीच धरून उभी.

"उतरा आता," तो म्हणाला. "हळू... स्टूल डुगडुगतंय."

त्यानं हात पुढे केला. मी धरला. उतरल्यावर सोडायला हवा होता, पण राहून गेला... क्षणभरच.

"बॅटरी फुगलीये," तो घाईघाईनं पेटीकडे वळला. "लाइट गेली की हिला वाटतं, कुणीतरी वायर कापली. मग कोड दाबूनही गप्प बसत नाही. कुणी बसवलं हे?"

बसवलं होतं भोंगेकाकांनी. गावभर भोंगे बसवणारे म्हणून भोंगेकाका. त्यांचं दुकान केव्हाच बंद झालं, तिथे आता केस कापतात. ते मुलीकडे राहायला गेले आणि पेटीच्या आतल्या सेटिंगचा कोड त्यांच्याबरोबर गेला.

"मग अवघड आहे," तो मान हलवत म्हणाला. "कोडशिवाय आतलं काही बदलता येणार नाही. त्यापेक्षा हे काढून नवीन—"

"काढायचं नाही!" आरामखुर्चीतून बाबांचा आवाज आला. इतका वेळ भोंगा कानाशी बोंबलत होता तरी त्यांनी पेपर खाली ठेवला नव्हता.

बाबांचं का अडलं होतं, ते मला ठाऊक होतं. हा भोंगा आजोबांनी बसवून घेतला होता. रोज रात्री जेवणं झाली की ते आमच्याकडे पाठ करून भोंगा लावायचा कोड दाबायचे. पीं, पीं, पीं... मग वळून म्हणायचे, "आता घर झोपलं." कोड त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता. खरं तर त्या ठरावीक बटणांवरचे आकडे घासून पार पुसले गेले होते, म्हणजे एखाद्या चोरालाही जरा डोकं लावून तो काढता आला असता. पण आजोबांना हे सांगणार कोण? शेवटी त्यांनी तो फक्त बाबांना सांगितला, आणि ते वारल्यावर बाबा कोड दाबू लागले. तशीच पाठ करून. आणि मला अजूनही त्या पीं-पींशिवाय झोप येत नाही.

"मग कोडला हात न लावता जमेल तेवढं करतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कंटाळा नव्हता, हे मला आवडलं.

नवी बॅटरी बसवून झाल्यावर तो प्रत्येक दार-खिडकी तपासत फिरला. माझ्या खोलीच्या मागच्या खिडकीशी येऊन थबकला. चौकटीवरच्या सेन्सरला एक पोपट चिकटवलेला होता. फ्रिजवर लावायचं मॅग्नेट. चोच तुटलेली.

"हे काय?"

"ते माझं गुपित आहे."

"मी कुणाला सांगत नाही."

मग मी सांगितलं. कॉलेजात असताना मी सायकलच्या शर्यतीत उतरायचे. सराव पहाटे असायचा आणि आजोबांचा नियम होता, पेपर येण्याआधी कुणी उंबरा ओलांडायचा नाही. भोंगा बसला तेव्हा मी खूप रडले. मग कळलं की सेन्सरजवळ मॅग्नेट असलं की त्याला खिडकी बंदच वाटते. पोपट चिकटवला आणि उडी मारली. वर्षानुवर्षं पहाटे मी खिडकीतून पसार व्हायचे, आजोबा उठायच्या आत परत. एकदा दुसरा नंबर आला. तो कप अजून माझ्या कपाटात रजयांच्या मागे होता.

"एवढ्या मोठ्या भोंग्याला मी एका पोपटानं गंडवलं," मी नसलेली कॉलर ताठ केली.

"कमाल आहे," तो म्हणाला. मग मी चहा करायला गेले. परत आले तेव्हा तो आणि बाबा अगदी गप्प बसले होते. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नंतर तो हॉलमधल्या सेन्सरसाठी आला. त्यात कोळ्यानं संसार थाटला होता. त्या दिवशी चष्मा त्याच्या नाकावरून इतक्यांदा घसरला की मला राहवेना. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, लोकांच्या घसरत्या काड्या बघून माझे हात शिवशिवतात.

"द्या इकडे."

"पण मग मला दिसणार नाही..."

"काय बघायचंय एवढं?"

तो भिंतीवरच्या सेन्सरकडे बघू लागला. चष्मा मात्र दिला. मी बारीक पेचकसानं स्क्रू आवळला, काचा पुसल्या आणि माझ्या हातानं त्याच्या कानांवर चढवला. त्यानं डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा मी फार जवळ होते. रोज कितीतरी लोकांच्या डोळ्यांत मी इतक्याच जवळून बघते, पण पेचकस कुठे ठेवला ते मी कधी विसरले नव्हते.

आणि भोंगा सुधारला! लाइट गेली तरी हूं नाही की चूं नाही. आता त्याला बोलवायचं कशाला?

एका सुट्टीच्या दुपारी, बाबा लायब्ररीत गेलेले असताना, मी फोन उचलला.

"अहो... खिडकी वाजली."

"कुठली?"

"माझ्या खोलीची."

"तीच? पोपटवाली?"

"हो. एकदम जोरात वाजली."

"आलोच."

तो आला. खिडकीशी बराच वेळ खुडबुड केली, चहा घेतला, पुन्हा खुडबुड केली. "वायर जरा ढिली होती," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पुन्हा होऊ शकतं."

पुन्हा झालं. मग आणखी एकदा झालं. एवढा मोठा भोंगा वाजूनही शेजारच्या काकूंना ऐकू कसा आला नाही, हे त्यानं विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. बाबा घरी आले की मी सांगायचे, "बाबा, खिडकीनं परत घोटाळा केला हं," आणि बाबा पेपरमागून "हं" म्हणायचे.

काकूंना भोंगा ऐकू आला नसला तरी त्याचं येणं-जाणं दिसत होतंच. आई तेव्हा दादाकडे होती, वहिनी बाळंत झाली होती म्हणून. काकूंनी आईला फोन करून सांगितलं की तुमच्याकडे भोंगेवाला सारखा येतो बरं का. आईनं मला विचारलं. मी म्हटलं, खिडकी सारखी वाजते. दादानं ते ऐकलं, आणि माझं खोटं माझ्याच गळ्यात पडलं.

"मी नवीन सिस्टिम बुक केलीये," दादा फोनवर म्हणाला. "रविवारी माणसं येतील आणि जुनं सगळं उखडून नेतील. आता मोबाइलवरच दिसेल सगळं."

"दादा, जुनं छान चाललंय रे!"

"छान? तूच म्हणालीस ना, सारखं वाजतं म्हणून?"

मी विषय बदलून बाळाचं विचारलं. बाबांनीही वाद घातला नाही. जेवणं झाल्यावर ते पॅसेजमध्ये गेले, कोड दाबला आणि त्या पुसलेल्या बटणांवर हात ठेवून नुसतेच उभे राहिले. "आता घर झोपलं," असं इतक्या हळू म्हणाले की मला ते जेमतेम ऐकू आलं. त्याला भेटायच्या नादात मी बाबांच्या घरातला आजोबांचा आवाजच काढून टाकायला निघाले होते. आणि भोंगा गेला की भोंगेवालाही जाणार होता.

सकाळी मी त्याला फोन केला. "भोंगा वाजला नाहीये," मी म्हटलं. "पण या. प्लीज."

तो आला तेव्हा दादा फोनच्या पडद्यावर हजर होता. फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला होता.

"तुम्ही यातले जाणकार," दादा म्हणाला. "सांगा, ही पेटी भरवशाची आहे का?"

"बॅटरी नवी आहे, सेन्सर साफ आहेत. अजून बरीच वर्षं चालेल."

"आणि ती खिडकी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. बाबांनी पेपर खाली ठेवला... चक्क घडी करून!

"सांगून टाका," बाबा म्हणाले.

"साहेब, ती खिडकी वाजूच शकत नाही," तो म्हणाला. "ती पेटीला जोडलेलीच नाहीये. पहिल्या दिवसापासून."

त्यानं पेटी उघडून दाखवली. माझ्या खिडकीकडून आलेल्या वायरचं टोक पट्टी गुंडाळून नीट आत दुमडून ठेवलेलं होतं. तिच्या जागी तांदळाएवढा एक तुकडा, अंगावर रंगीत पट्टे.

"हा इथे असेपर्यंत पेटीला कायम वाटतं, खिडकी बंद आहे."

"पण माझा पोपट..." मी म्हटलं.

"पोपट नसता तरी चाललं असतं."

मी बाबांकडे वळले. ते चष्मा पुसत होते, जो मी सकाळीच पुसून दिला होता.

"तुझ्या आजोबांना नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती, भिंगरे," ते म्हणाले. "आणि तुला घरात कोंडायचीही इच्छा नव्हती. मग भोंगेकाकांना चहा पाजला आणि म्हटलं, एवढी एक खिडकी सोडा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू उडी मारलीस की मी जागा व्हायचो आणि परत आलीस की झोपायचो. आणि तो कप... इतकी वर्षं रजयांच्या मागे आहे, एकदा तरी काळा पडला का?"

मला रडूच आलं. सगळ्या घराला फसवलं म्हणून मी किती मिरवत होते! आणि रोज पहाटे कुणीतरी माझी वाट बघत अंथरुणात पडून होतं. ज्या माणसाला मी भित्रा समजत आले, त्यानं माझ्यासाठी घराची एक बाजू उघडी ठेवली होती. मी बाबांच्या गळ्यात पडले.

"एक मिनिट," साखरेच्या बरणीजवळून दादा म्हणाला. "खिडकी जोडलेलीच नाही, तर मग ती इतक्यांदा वाजली कशी?"

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"आणि तुम्ही येऊन येऊन दुरुस्त काय केलंत?"

आता त्याचे कान लाल झाले. "तसं... विशेष काही नाही."

दादा असा हसत सुटला की पलीकडे बाळ रडायला लागलं. "आई! आई, इकडे ये लवकर!"

बाबांनी फोन हातात घेतला. "रविवारच्या माणसांना नको म्हणून कळव," एवढं बोलून बंद केला आणि पायात चपला सरकवल्या. "मी लायब्ररीत जाऊन येतो."

त्या वारी लायब्ररी बंद असते.

आम्ही दोघं खिडकीशी उभे राहिलो, पोपटाच्या दोन बाजूंना.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी, तुम्ही चहा करत होतात तेव्हा. पण बाबांनी तोंडावर बोट ठेवलं. म्हणाले, तिला त्या पोपटाचा फार अभिमान आहे."

"म्हणजे मी फोन केला तेव्हा... हसला असाल ना?"

"हसलो," तो म्हणाला. "मग शर्ट बदलला. मग आलो."

"आणि वायर ढिली झाल्याचं काय?"

"तुम्ही एवढ्या प्रेमानं खोटं बोललात. मला वाटलं, आपणही थोडं बोलावं..." तो थांबला. "आता जोडू का खिडकी? लगेच होईल."

"नको. राहू दे तशीच."

"मग मला बोलवायला कारण काय सांगाल?"

"कारण नाही सांगणार," मी म्हटलं. "नुसतं ये म्हणेन."

तो 'ये' त्याच्यापर्यंत पोहोचला. चष्मा घसरला नव्हता, तरी त्यानं तो वर सरकवला.

"तू ये म्हणालीस की मी येईन," तो म्हणाला. "रोज येईन. मला... तू पहिल्या दिवशी रजई घेऊन उभी होतीस ना, तेव्हापासूनच—"

"मलाही," मी म्हटलं. "मला तू फार आवडतोस. भोंगा वाजो न वाजो."

पुढच्या सुट्टीला, अजून उजाडायचं होतं तेव्हा, माझ्या खिडकीच्या काचेवर टकटक झाली. बाहेर तो दोन सायकली घेऊन उभा होता, एक त्याची आणि एक कुणाकडून तरी मागून आणलेली.

"येतेस?" तो कुजबुजला. "की उडी मारायची सवय गेली?"

मी खिडकी उघडली. भोंगा अर्थातच गप्प. एक पाय बाहेर टाकला, दुसरा उचलणार... तेवढ्यात मागे दिवा लागला. खोलीच्या दारात बाबा उभे होते, हातात चहाची गाळणी.

"भिंगरे, पाय आत घे."

मी घेतला. तो बाहेर सायकली धरून पुतळा झाला.

बाबा खिडकीशी आले आणि वाकून त्याच्याकडे बघत म्हणाले, "अहो, ही खिडकी मी लेकीसाठी ठेवली होती. तुमच्यासाठी दार आहे. या, चहा टाकलाय."

मग ते भोंगा बंद करायला पॅसेजमध्ये गेले. मी त्यांच्या मागोमाग. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी पाठ न करता, मला दिसेल असा तो कोड दाबला. पीं, पीं, पीं... आणि बाबांनी दार उघडलं.