एका प्रश्नात ओळखणारा

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचं फक्त कपाळ दिसलं. वर ट्यूबलाइट, खाली कपाळ, आणि कपाळाखालून कुठूनतरी आवाज, "मी फक्त शिडी परत द्यायला आलो होतो."

रविवारी दुपारी चार वाजता आम्ही चौघं ऑनलाइन जमतो. मी, लायब्ररीत काम करणारी माझी मैत्रीण, परगावी राहणारी माझी वहिनी आणि शाळेत गणित शिकवणारे मास्तर. एकाने मनात एक प्रसिद्ध माणूस धरायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. उत्तर फक्त हो किंवा नाही. वीस प्रश्नांत ओळखता आलं नाही तर धरणारा जिंकला. गेली दोन वर्षं मी धरलेला माणूस कुणालाही पंधरा प्रश्नांच्या आत ओळखता आला नव्हता. मला बाकी काही धड जमत नाही असं घरच्यांचं मत आहे, पण हे जमतं.

त्या दिवशी मैत्रिणीने, तिच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला, हातातली शिडी काढून घेऊन खेळायला बसवलं. स्क्रीन सरळ केल्यावर कपाळाखालचे डोळे दिसले. डोळे चांगले होते, पण हे मी फार नंतर कबूल केलं. कारण त्याने माझा माणूस सहाव्या प्रश्नाला ओळखला.

पुढच्या रविवारी तो स्वतःच्या घरून आला आणि त्याने माझा माणूस तिसऱ्या प्रश्नाला ओळखला. बाकीच्यांची माणसं ओळखताना हेच महाशय चाचपडायचे, अठरा अठरा प्रश्न घालवायचे. माझी पाळी आली की मात्र मान खाली घालून क्षणभर काहीतरी बघायचे आणि बरोबर नेम धरून विचारायचे.

"खाली काय बघता तुम्ही?" मी विचारलं.

"काही नाही."

"मान गेली की खाली."

"मान आहे... जाते कधीकधी."

आणि हसला. वहिनीही हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो आठवडा मी दातांवर राग काढला. मी दंतवैद्यांसाठी कृत्रिम दात घडवते. मेणाचा दात कोरायचा, मग तो घडवून त्यावर पोर्सेलिनचे पातळ थर चढवायचे, शेजारच्या दाताशी रंग जुळेपर्यंत भट्टीत घालायचा आणि काढायचा. लोक आरशात बघून हसतात आणि डॉक्टरांना म्हणतात, काय सुंदर दात केलात हो. डॉक्टर म्हणतात, धन्यवाद. आठ वर्षं मी हे बघतेय. तर त्या आठवड्यात भट्टीकडे बघत मी विचार करून करून असा माणूस शोधला की भल्याभल्यांनी हात टेकावेत. एक शास्त्रज्ञ बाई, जिच्या कामाचं बक्षीस भलत्यालाच मिळालं.

तिसऱ्या रविवारी मी तिला धरलं. पहिला प्रश्न त्याचा होता. त्याने खाली पाहिलं आणि हळूच विचारलं, "यांच्या शोधाचं बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं का?"

"हो," मी म्हणाले.

त्याने तिचं नाव सांगितलं.

एका प्रश्नात! मी चारचौघांत त्याची जी खरडपट्टी काढली ती आता आठवली तरी कान तापतात. मोबाइल मांडीवर ठेवून शोधता, आमच्या दोन वर्षांच्या खेळाचं वाटोळं केलंत, शिडी देऊन निघून जायचं होतंत. मैत्रीण मध्ये बोलू बघत होती, तिलाही मी गप्प केलं.

"मी शोधत नाही," तो एवढंच म्हणाला. मग थोडं थांबून, "तुमची खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याचा चौकोन गेला.

मास्तरांनी नियमाप्रमाणे त्याला ग्रुपमधून काढलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, आणि त्याचाही मला रागच आला. निर्दोष माणूस भांडतो. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. बरं काय, बरं?

मंगळवारी मी एका समोरच्या दाताला शेवटचा थर देत होते तेव्हा मैत्रिणीचा फोन आला. ती त्याची समजूत घालायला खाली गेली होती. त्याच्या टेबलावर लॅपटॉपच्या पुढ्यात एक कागद होता. त्यावर मी तीन रविवारी धरलेल्या सगळ्या माणसांची नावं, एकाखाली एक. जिच्या चाली दुसऱ्याच्या नावावर खपल्या ती गायिका. ज्याला संघातून उगाच वगळलं तो खेळाडू. ती शास्त्रज्ञ. आणि खाली त्याच्या अक्षरात एकच ओळ: *ज्यांचं नाव कुणी घेतलं नाही, त्यांना या निवडतात.*

"तो खाली बघायचा तो हा कागद," मैत्रीण म्हणाली.

"मग तू त्याच वेळी का नाही सांगितलंस?"

"मलाही आजच कळलं. आणि तू बोलू कुठे दिलंस?"

मी दात बाजूला ठेवला. वहिनीला फोन केला तर ती शांतपणे म्हणाली, "दोन वर्षं आम्ही तुझ्याबरोबर खेळतोय, आमच्या कधी लक्षात आलं नाही. त्याच्या तीन रविवारांत आलं. आता तूच काय ते ठरव."

ठरवायचं काय होतं! अन्यायाची एवढी चीड असलेली मी, आणि मीच एका भल्या माणसावर... बुधवारी अर्धी सुट्टी टाकून मी तो काम करत होता त्या इमारतीत गेले. लिफ्टच्या दारावर पाटी होती: काम चालू आहे, जिन्याने जावे. तो सातव्या मजल्याच्याही वर, मशीनच्या खोलीत होता. प्रत्येक मजल्यावर मी त्याला एकेक दूषण दिलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची माफी मागायला जिना चढावा लागतो, हा कुठला न्याय?

वर पोचले तेव्हा मला धाप लागली होती. त्याने ग्रीसचे हात फडक्याला पुसले, एक खोकं उलटं करून पुढे सरकवलं आणि पाण्याची बाटली दिली. मी पाणी प्यायले. तयार केलेलं भाषण कुठेतरी चौथ्या मजल्यावर राहिलं होतं.

"मी एक माणूस धरलाय," मी म्हणाले. "विचारा."

"नाही विचारणार."

"का?"

"प्रश्न विचारले की मला बाहेर काढतात."

तो हसत नव्हता. तेव्हा मला कळलं की त्याला खरंच लागलं होतं, आणि तो पुन्हा कधीच आला नाही तर माझ्या रविवारांना काही अर्थ राहणार नव्हता.

"हे बघा," मी उसळून म्हणाले, "मी चुकले. मी न बघता, न ऐकता बोलले. मला क्षमा करा. आणि तुम्ही मला आवडता, याचा तर मला भयंकर संताप येतोय. तीन रविवारांत कुणी इतकं ओळखतं का एखाद्याला? काही विचारायची पद्धत असते की नाही?"

त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"एक विचारू मग?" तो म्हणाला.

"विचारा."

"तुम्ही केलेला एखादा दात मला बघायचाय."

आठ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. भट्टीशेजारी बसणाऱ्या माणसांनीसुद्धा नाही.

"तो... कुणाच्या तरी तोंडात असतो," मी म्हणाले.

"कुणाच्या ते सांगा. मी हसवतो त्यांना."

मी डोळे पुसले आणि सांगितलं. मास्तरांचा, वरचा, पुढचा, डावीकडचा. सायकलवरून पडले होते तेव्हाचा. रंग जुळवायला मला चार वेळा भट्टी लावावी लागली होती.

रविवारी चार वाजता मास्तरांनी स्वतः त्याला परत घेतलं, कुरकुरत. तो आला तो आधी एक विनोद सांगत. कसलातरी, अडकलेल्या लिफ्टचा, अगदीच बेताचा. पण मास्तर मोठ्याने हसले, तोंडभर, आणि तो स्क्रीनच्या अगदी जवळ आला. बराच वेळ बघत राहिला.

"सुंदर झालाय," तो म्हणाला.

"विनोद? ठीक होता," मास्तर म्हणाले.

"धन्यवाद," मी म्हणाले. आठ वर्षांत पहिल्यांदाच.