चांदणी दिसली का?

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात प्रयाग एक हिरवी बांगडी उन्हाला धरून पाहत होती, तेवढ्यात शेजारून कुणीतरी म्हणालं, "डोळे असे बारीक करू नका. नजरेला काही तकलीफ हाय का?"

तिनं वळून पाहिलं. पांढरा सदरा, काळी टोपी, खांद्याला औषधांची पेटी... आणि चेहरा असा गंभीर, की जणू गावभरच्या डोळ्यांची काळजी देवानं यालाच वाहायला सांगितली होती.

"ऊन हाय," प्रयाग फणकाऱ्यानं म्हणाली. "उन्हात तुमी काय डोळे वटारून बघता?"

तो हसला. त्यानं हसायला नको होतं, कारण त्या हसण्यापायी तिच्या हातातली बांगडी निसटली आणि दगडावर पडून फुटली. कासारीण ओरडायला लागली. मागं उभ्या असलेल्या तातेरावांनी, म्हणजे प्रयागच्या वडिलांनी, कपाळाला हात लावला. पोरगी दिसायला लाखात एक, पण हातातली वस्तू दिसत नाही की काय, ही धास्ती त्यांना हल्लीच लागली होती.

झालं होतं असं. सेनगावचे पाहुणे तिला बघायला आले आणि पाण्याचा तांब्या घेऊन येताना ती उंबऱ्याला अडखळली. पाहुण्यांनी निरोप धाडला: पोरगी पसंत आहे, पण नजर अधू नाही ना, एवढी खात्री करून कळवा. ती अडखळली होती ते नवरदेवाकडे बघून. तो तिच्याकडे न बघता मान लांब करून तातेरावांच्या गोठ्यातली जनावरं न्याहाळत होता. पण हे बापाला सांगायचं कसं?

"तुमी डोळ्याचे डाक्टर का?" तातेरावांनी त्या तरुणाला विचारलं.

"डाक्टर न्हाई जी. हिंगोलीच्या दवाखान्यात असतो, बाजारच्या दिवशी इकडं येतो. संतराम माझं नाव. बारीक होतो तवापासून मामाजवळ हैदराबादेत राहिलो, तिथं एका हकीमसाहेबाच्या हाताखाली शिकलो."

तातेरावांना देवच भेटला. संध्याकाळी ते त्याला घरीच घेऊन गेले.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून देवापाशी एक पणती लावली की बाकी घर अंधारात. चैत्राचं आभाळ मात्र लख्ख होतं. तातेराव बैलांना कडबा टाकायला गेले, आत्या द्वारकाबाई ओट्यावर वाती वळत बसली. संतरामनं प्रयागला अंगणात उभं केलं आणि उत्तरेकडं बोट दाखवलं.

"ते सात तारे दिसतात?"

"दिसतात."

"आता शेपटीतला मधला बघा. त्याच्या अगदी जवळ एक बारीक चांदणी हाय..." त्याचा आवाज हळू झाला. "दिसली का?"

अरुंधती! हा प्रश्न बाईला जन्मात एकदाच विचारतात. सप्तपदी झाली की नवरा बोट दाखवतो, दिसली का म्हणतो, आणि नवरी मान खाली घालून दिसली म्हणते. आणि हा कालचा नव्हे, आजचाच ओळखीचा माणूस... भर अंगणात... आत्या समोर असताना!

चांदणी तिला स्वच्छ दिसत होती.

"न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई?" त्याचा चेहरा उतरला. "बरं. औषध देतो. पुढल्या बाजारी पुन्हा बघू."

त्या आठवड्यात प्रयागची भाकर रोज करपली. डोळे तपासायला कुणी अरुंधती दाखवतं का? हा आगाऊपणा होता का? असेल तर राग का येत नाही? आणि आगाऊपणा नसेल, मनापासून विचारलं असेल, तर नाही म्हटल्यावर औषध कशाला दिलं? नाही म्हणणाऱ्या पोरीच्या डोळ्यांत हैदराबादेकडं औषध घालतात की काय! तिला काहीच कळेना.

पुढच्या बाजारी तो आला. पुन्हा तेच सात तारे, तोच प्रश्न. पुन्हा तिनं नाही म्हटलं.

"त्यात काय बघायचं?" ओट्यावरून आत्या म्हणाली. "म्हातारीचं बाजलं हाय ते. चार तारे म्हंजे बाजल्याचे चार खूर, आन् मागचे तीन ते चोर. बाजलं न्यायला आलेत."

"आमचे हकीमसाहेब वेगळंच सांगायचे," संतराम म्हणाला. "अरबस्तानात त्याला जनाजा म्हणतात. चार तारे म्हंजे तिरडी. बाप गेलाय, मागून तीन लेकी रडत चालल्यात."

"अगं बाई!" प्रयागच्या अंगावर काटा आला. "एकाच जागी कुणाला सात ऋषी, कुणाला चोर, कुणाला मयत... मंग खरं काय?"

"जो बघतो त्याचं खरं."

"तुमी काय बघता?"

तो तिच्याकडं बघत राहिला आणि मग एकदम घाईनं पेटी आवरायला लागला. जाताना एका पायात स्वतःचा आणि दुसऱ्या पायात तातेरावांचा जोडा घालून गेला. परत यावं लागलं, तेव्हा आत्यानं तोंडाला पदर लावला.

तिसऱ्या बाजारी मात्र तातेराव वाटच बघत होते. "सेनगावचा माणूस उद्या येऊन राहिला. होय की न्हाई, आज सांगाच," असं बजावून ते बैल बांधायला गेले.

संतराम अंगणात उभा राहिला. आज त्यानं बोट वर केलंच नाही.

"एक इचारू? मी वेशीपाशी होतो तवा तुमी इथून मला बघून आत पळालात. अंधारात सुई ओवता, मी बघितलं. मंग ती सुहा काहून दिसत न्हाई?"

"सुहा? ती कोण?"

"तीच की, बारीक चांदणी. अरबांकडं तिच्यावर नजर पारखतात. दिसली तर डोळे बराबर. हकीमसाहेबानं शिकवलंय."

प्रयागला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. नजर पारखत होता! ती इथं भाकरी करपवत होती आणि हा... हा नुसते डोळे तपासत होता! तिला रडू आलं, रागही आला, आणि त्या दोन्हींतून तो आणखीच आवडला.

"आमी तिला सुहा म्हणत न्हाई," ती म्हणाली. "अरुंधती म्हणतो. लग्नात नवरा बायकोला दाखवतो. दिसली म्हटलं की... झालं."

संतरामनं आभाळाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हंजे मी... दोनदा..." तो पुटपुटला. "आन् तुमी न्हाई म्हणत राहिलात."

"मंग काय म्हणणार? कशासाठी इचारता, ते तुमी सांगितलं का?"

गोठ्यातून पावलं वाजली. प्रयागला कळत होतं, आता खरं सांगितलं तर सेनगाव आणि खोटं सांगितलं तर जन्माचं अधूपण. तिसरी वाट होती, पण ती समोरच्या माणसाच्या हातात होती, आणि तो तर टोपीच कुरवाळत होता.

मग त्यानं सावकाश हात वर केला.

"प्रयाग, आता नजरेसाठी न्हाई इचारत. चांदणी दिसली का?"

तिनं वर पाहिलंच नाही. मान खाली घातली.

"दिसली."

तातेराव गोठ्याच्या दारात उभे होते. "दिसली? वा! म्हंजे नजर पक्की?"

"एकदम पक्की," संतराम म्हणाला. "पण तातेराव... सेनगावला कळवू नका."

"काहून? मंग कुणाला कळवू?"

"माझ्या आईला."