दुसरा ब्रेक

मास्तरांना आयुष्यात एकच खोड होती आणि ती त्यांच्या उजव्या पायात होती. कुठेही बसले आणि समोरून काही वेगानं येताना दिसलं, की तो पाय जमिनीवर दाबला जायचा. बसमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत, इतकंच काय, टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की सोफ्यावर बसल्या बसल्या धप्पकन आवाज व्हायचा. मास्तरीणबाई शिलाईच्या मशीनवरून मान वर न करता म्हणायच्या, "लागला का ब्रेक? आता पहिला गिअर टाका आणि भाजी घेऊन या."

खोडीला कारण होतं. मास्तरांनी उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात घालवला होता. शिकवणीच्या गाडीत शिकणारा स्टिअरिंगमागे बसतो आणि मास्तर शेजारी. मास्तरांच्या पायाशी आणखी एक ब्रेक बसवलेला असतो. निम्मं गाव त्या दुसऱ्या ब्रेकच्या जिवावर गाडी शिकलं होतं. मास्तर कधी कुणावर ओरडले नाहीत, पण कुणावर विसंबलेही नाहीत. "माझा सगळ्यांवर जीव आहे," ते सांगायचे, "विश्वास कुणावर नाही. विश्वास बसला की पाय सैल पडतो."

आणि नेमकी त्यांची एकुलती एक लेक निघाली बिनड्रायव्हरच्या गाड्यांच्या कंपनीत नोकरीला. जावई जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. त्यामुळे लेक आणि नात मास्तरांसोबतच पहिल्या मजल्यावर राहायच्या. नातीला सगळे भिंगरी म्हणत. कारण सांगायला नको, ती घरात आहे की नाही हे शेजाऱ्यांनासुद्धा कळायचं.

त्या वर्षी लेकीचं ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलं आणि भिंगरीला शाळेत सोडायचं कुणी हा प्रश्न आला. लेकीनं जेवताना विषय काढला. "कंपनीची गाडी मिळतेय मला. ती भिंगरीला सोडेल आणि आणेल. एकटीला."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "एकटीला? गाडीत कोण असणार?"

"कोणी नाही, बाबा. तीच तर गंमत आहे."

"गंमत कसली त्यात? पोर आहे ती, पार्सल नव्हे."

बाप-लेकीची तासभर जुंपली. लेक म्हणाली, ही गाडी डुलक्या घेत नाही, फोनवर बोलत नाही, बायकोवरचा राग रस्त्यावर काढत नाही. मास्तर म्हणाले, असेल. पण आधी परीक्षा मी घेणार.

रविवारी परीक्षा झाली. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून नेहमीच्या जागी, म्हणजे रिकाम्या ड्रायव्हरशेजारी बसले. मागे लेक, भिंगरी आणि बाई. गाडी निघाली. मोकळ्या सीटसमोर स्टिअरिंग आपलं आपण फिरायला लागलं तेव्हा बाईंनी भिंगरीचा हात घट्ट धरला. भिंगरी मात्र खिदळत होती.

लाकडाच्या वखारीपाशी आंधळं वळण आहे. तिथं एक लॉरी उभी होती. मास्तरांचा पाय सवयीनं खाली गेला आणि त्याच क्षणी गाडी थांबली. दुसऱ्या क्षणी लॉरीमागून एक रंगारी सायकलवर शिडी आडवी धरून बाहेर आला.

"बघितलंत?" लेक टाळी वाजवून म्हणाली. "तुमच्या आधी दिसला तिला."

मास्तर आपल्या बुटाकडे बघत राहिले.

पुढं कालव्याकाठचा रस्ता लागला. सरळ, दोन्ही बाजूंना गवत, चिटपाखरू नाही. मास्तरांनी हळूच पाय दाबला. गाडी मंदावली. पाय उचलला, गाडी चालू. परत दाबला. गाडी थांबली.

"असं काय करतेय?" लेक हातातल्या स्क्रीनवर बोटं फिरवत पुटपुटली. "सावलीला बिचकली असेल."

बाईंनी दोन्ही गोष्टी पाहिल्या होत्या, पाय आणि गाडी. भिंगरीनंही पाहिल्या. ती आजोबांच्या कानाशी लागून म्हणाली, "आजोबा, परत एकदा!"

घरी आल्यावर मास्तरांनी स्वतः गाडीतली पायाखालची चटई उचलून पाहिली. खाली सपाट पत्रा. वायर नाही, बटण नाही, काही नाही. "तिथं काय असणार, बाबा?" लेक म्हणाली. मास्तरांनी चटई पुन्हा नीट अंथरली आणि म्हणाले, "पास. पण सोबत मी जाणार."

त्यानंतर मास्तर दहा वर्षांनी लहान झाले. सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशात भिंगरीसाठी गोळी. निवृत्त माणसाला पुन्हा नोकरी लागावी तसं झालं. परत आले की बाईंना सांगायचे, "अगं, गुणाचं लेकरू आहे ते. जरा पुस्तकी चालवतं, पण ऐकतं. आजवर एकही विद्यार्थी इतकं ऐकणारा मिळाला नाही."

"यंत्राला जीव लावू नका," बाई म्हणायच्या. पण त्यांनाही बरं वाटायचं. कुणीतरी पोरीच्या सोबत होतं.

मग पावसाळी चपलेनं दगा दिला. मास्तर जिन्यावरून घसरले, डावा घोटा सुजून टम्म झाला. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलं. लेक म्हणाली, "आता तरी एकटी जाऊ दे तिला. बाकीची मुलं जातात की."

भिंगरी गेली. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत, डावा पाय स्टुलावर ठेवून बसले. बाई कापड कापत होत्या. घर शांत होतं. मध्येच मास्तरांचा उजवा पाय फरशीवर इतक्या जोरात आपटला की बाईंची कात्री वाकडी गेली.

"अहो, काय हे! बाही गेली ना वाया."

"सवय," मास्तर म्हणाले. पण चेहरा पांढरा पडला होता.

दुपारी भिंगरी दप्तर फेकत आली. "आजी, आज ना गाडी आजोबा असल्यासारखीच थांबली! वखारीपाशी पिल्लू आलं मध्ये, इवलंसं! गाडी अशी धप्पकन थांबली की माझी बाटलीच सांडली."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नजर चुकवली.

लेकीला दोघांनीही काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? ती हसली असती. किंवा हसली नसती, आणि ते जास्त वाईट झालं असतं.

घोटा बरा झाला, पण मास्तरांना जिना चढता-उतरताना दम लागायला लागला. ते खुर्चीतूनच शाळेला जाऊ लागले. गाडीनं फाटक सोडलं की यांचे डोळे मिटायचे आणि उजवा पाय फरशीवर तयार राहायचा. बाई चहा घेऊन आल्या तर म्हणायचे, "थांब, वळण आहे." बाई कप हातात धरून थांबायच्या. हळूहळू त्यांनाही रस्ता पाठ झाला. वखार, दवाखान्याची लांब भिंत, कालव्यावरचा पूल, मग शाळा.

"पूल गेला का?" त्या विचारायच्या.

"गेला."

"मग घ्या, गार झाला."

त्या दिवसांत बाईंना नवऱ्याचं फार प्रेम वाटायचं. भीतीही वाटायची. दोन्ही एकाच वेळी, आणि कुठलं कमी करावं ते कळायचं नाही.

एका सकाळी बाई मशीनला तेल घालत होत्या. भिंगरी निघून थोडाच वेळ झाला होता. मागे काहीतरी खाली पडलं. वळून पाहिलं तर मास्तर खुर्चीत उजवीकडे कलंडले होते. तोंड वाकडं झालं होतं. उजवा हात लोंबत होता.

"अहो!"

बाई फोनकडे धावल्या. मास्तरांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट पकडलं. त्या माणसात इतका जोर कुठून आला, कोण जाणे. त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. डोळे तेवढे बोलत होते. ते डोळे बाईंकडून फरशीकडे गेले, आपल्या उजव्या पायाकडे.

तो पाय हलत नव्हता.

"आधी दवाखान्यात फोन करू द्या हो मला," बाई रडत म्हणाल्या. "सोडा. सोडा ना!"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

बाई खाली बसल्या. दोन्ही हातांनी त्यांच्या गुडघ्यावर भार टाकून पाय फरशीवर दाबला. पाय ओंडक्यासारखा होता. दाबला जात होता, पण दाबत नव्हता. मास्तरांचे डोळे आणखी मोठे झाले.

मग बाईंनी चप्पल काढून फेकली. खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या आणि मास्तरांच्या पावलाशेजारी आपलं अनवाणी पाऊल ठेवलं.

आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दाबलं.

फरशी थंड होती. बाई दाबत राहिल्या. पोटरीत गोळा आला, तरी दाबत राहिल्या.

मास्तरांच्या हाताची पकड सुटली. त्यांनी डोळे मिटले. चेहरा निवला होता, पूल गेल्यावर निवायचा तसा.

फोन बाईंनी लावायच्या आधीच वाजला. लेक होती, धापा टाकत. "आई, भिंगरी ठीक आहे, घाबरू नकोस. पुलावर मालट्रक उलटला. कठडा तोडून आडवा झाला, पुढच्या दोन गाड्या त्याच्याखाली गेल्या. आपली गाडी हातभर अलीकडे थांबली, आई! हातभर!"

"तुझे बाबा..." बाई म्हणाल्या.

मास्तर दवाखान्यात पोचले, पण परत आले नाहीत. तरुण डॉक्टरीणबाई त्यांच्याकडेच गाडी शिकली होती. ती डोळे पुसत म्हणाली, "थोडं आधी आणलं असतं तर..." बाईंनी मान डोलावली. तो थोडा वेळ कुठे गेला होता ते त्यांना माहीत होतं. पश्चात्ताप त्यांना झाला नाही, पण ते वाक्य मात्र कधी पुसलं गेलं नाही.

दिवस घरातलं सगळं पुन्हा रुळावर आणतात, कुणाला आवडो न आवडो. लेकीची रजा संपली. ती म्हणाली, "आई, भिंगरी परत गाडीनंच जाईल. त्या दिवसापासून माझा गाडीवर पूर्ण विश्वास बसलाय. माणूस असता तर थांबू शकला नसता." बाईंनी लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि बरं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या खुर्चीत बसू लागल्या.

त्यांचा पाय मशीनच्या पायट्यावर घडलेला, हलका. भिंगरी घरी येऊन सांगायची, "आजी, गाडी हल्ली एकदम मऊ थांबते. पेन्सिलसुद्धा घरंगळत नाही." बाई हसायच्या. शिकवणीत एकच दिवस गेलेली बाई मी, त्यांना वाटायचं, आणि मास्तरांची नोकरी करतेय.

तो एक दिवस त्यांना चांगला आठवत होता. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. शिकवणीच्या गाडीतले दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडलेले असतात. एकानं दाबला की दुसऱ्याच्या पायाखालचाही आपोआप खाली जातो. बाई गाडी चालवत होत्या आणि दर वळणावर त्यांनी दाबायच्या आधीच तळव्याखालचा ब्रेक खाली जायचा. तिसऱ्या वळणावर त्या गाडीतून उतरल्या आणि चालत घरी गेल्या. "सगळे ब्रेक तुम्हीच लावणार, तर मला कशाला बसवलंत?" त्या म्हणाल्या होत्या, आणि मग आठवडाभर अबोला.

आज हे सगळं आठवायचं कारण इतकंच, की आकाश भरून आलं होतं, उजेड कमी होता आणि बाईंचं मन जरा भरकटलं होतं. भिंगरी जाऊन थोडा वेळ झाला होता. वखार मागे पडली असेल. दवाखान्याची भिंत चालू असेल. बाईंचं अनवाणी पाऊल फरशीवर नुसतं टेकलेलं होतं. त्यांनी अजून काही दाबलं नव्हतं.

तळव्याखालची फरशी खाली गेली.

अलगद. अंगठाभर.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "अजून माझ्यावर विश्वास नाही का?"

खोलीत काही हललं नाही. खाली रस्त्यावरून कुणीतरी शीळ घालत गेलं.

बाईंनी पाऊल उचललं आणि वाकून पाहिलं. आजूबाजूच्या फरश्या जागच्या जागी होत्या. ती एकच खाली दबलेली होती, तिच्यावर कुणाचाही पाय नसताना. आणि ती वर येत नव्हती. दुसऱ्या टोकाचा पाय अजून उचलला गेला नव्हता.