दोन डब्यांतल्या लेंड्या

"टोपी काढ आधी. लाल टोपी घालून कोणी पाळत ठेवतं का?" नायदाने एलिसेओच्या डोक्यावरची टोपी ओढली आणि त्याला दगडी बांधामागे खाली दाबलं.

"कान गारठतात माझे," एलिसेओ कुरकुरला. तो तिचा चुलतभाऊ. हुलियाकाच्या शाळेला सुट्टी लागली की दरवर्षी वर माळावर यायचा आणि सुरुवातीचे काही दिवस नुसता नाक ओढत बसायचा.

"मग शहरात राहायचं होतंस."

"भांडू नका ना," नायदाचा धाकटा भाऊ लुचो कुजबुजला. "आजी बाहेर आली."

ओढ्यापलीकडच्या झोपडीतून ग्रेगोरिया आजी बाहेर आली होती. पाळत तिच्यावरच होती. पावसाळा लागला, लोकर देणाऱ्या अल्पाकांना पिल्लं होऊ लागली आणि किउपाता वस्तीवर ती पिल्लं मरू लागली. सकाळी उड्या मारणारं पिल्लू संध्याकाळी पोट फुगून आडवं पडायचं. त्यातही गुबगुबीत पिल्लं आधी जायची. धडधाकट होती ती फक्त ग्रेगोरिया आजीची. म्हातारीने आपल्या कळपांचं नशीब चोरलं, असं नायदाचे बाबा म्हणाले आणि बघता बघता सगळी वस्ती तेच म्हणू लागली. रविवारच्या सभेत तिला वस्ती सोडून जायला सांगणार होते.

नायदाला काळजी होती ती चिकची या पिल्लाची. नायदा लहान असताना तिचे पहिले केस कापले, त्या दिवशी बाबांनी तिला पुका नावाची मादी दिली होती. सगळ्या कळपात ती एकटी नायदाची. पुका आता म्हातारी झाली होती आणि चिकची बहुधा तिचं शेवटचं पिल्लू. तो गारपिटीच्या सकाळी जन्मला, राखाडी अंगावर पांढरे ठिपके घेऊन, म्हणून नाव पडलं चिकची, म्हणजे गारा. चिकची चांगला गुबगुबीत होता. नायदाचा जीव त्यामुळेच टांगणीला लागला होता.

"आता मंत्र म्हणेल बघ," एलिसेओ म्हणाला.

आजीने मंत्र म्हटला नाही. पाठीवर टोपली घेऊन ती जनावरांच्या वाडग्यात गेली, गुडघ्यांवर बसली आणि हातांनी लेंड्या गोळा करू लागली. ओल्या लेंड्या तिने दगडी भिंतीवर पसरल्या, वाळलेल्या टोपलीत भरल्या. मग नाक पुसलं आणि पुढच्या कोपऱ्यात सरकली.

"एवढंच?" लुचोची निराशा झाली.

"बांधामागच्या तिघांनो," आजी मान न वळवता म्हणाली, "आलाच आहात तर हात लावा. माझी कंबर गेलीय."

तिघं मुकाट्याने बाहेर आले.

"आजी, तू हे रोज करतेस?" नायदाने विचारलं.

"नाही करणार तर चुलीत काय माझी हाडं घालू? तुमच्यासारखा गॅस नाही माझ्याकडे."

"पण तुझी पिल्लं का मरत नाहीत?" लुचोने सरळ विचारून टाकलं.

आजीचे हात थांबले. "मला काय ठाऊक, बाळा? मलाच भीती वाटते. रोज सकाळी वाटतं, आज माझंही एखादं मरू दे, म्हणजे लोक गप्प बसतील. असं मनात येतं, आणि मग स्वतःचीच लाज वाटते."

 टोपली भरेपर्यंत तिघं लेंड्या वेचत राहिले.

घरी आल्यावर नायदा आपल्या वाडग्याच्या दारात उभी राहिली. रोज बघायची ती, पण आज नीट पाहिलं. पाय घोट्यापर्यंत रुतत होता. पावसाने चिखल आणि लेंड्या एक झाल्या होत्या, त्यातच पिल्लं लोळत होती, त्यातच नाक खुपसत होती आणि त्याच चिखलाने माखलेल्या सडांना तोंड लावत होती. मागच्या वर्षी वस्तीत गॅस आला, तेव्हा ती आणि लुचो अंगणभर नाचले होते. लेंड्यांची टोपली सुटली म्हणून! तेव्हापासून वाडग्याला कुणी हात लावला नव्हता.

"बाबा, वाडगं साफ करूया," ती संध्याकाळी म्हणाली.

"ते दिवस गेले, पोरी. आता काय गरिबासारख्या लेंड्या वेचायच्या?"

"चुलीसाठी नाही हो. पिल्लांसाठी."

"पिल्लांना काय झालंय ते मला ठाऊक आहे. रविवारी सगळं नीट होईल."

दुसऱ्या दिवशी आईने तिघांना मीठ आणायला माकुसानीच्या बाजाराला पाठवलं. एलिसेओने खिशात गोळ्यांचे दोन रिकामे डबे घेतले. एकात घरच्या वाडग्यातल्या लेंड्या, दुसऱ्यात आजीकडच्या. कल्पना त्याचीच. त्यांच्या शाळेत म्हणे सूक्ष्मदर्शक होता, फक्त कपाटाची किल्ली सापडत नव्हती.

लोकरीच्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, "एकटेच खाणार का? दे की एक गोळी."

"तुम्हाला नाही आवडायची, काका," एलिसेओ म्हणाला. लुचो इतका हसला की त्याला उचकी लागली. नायदा मात्र रस्त्याकडे बघत होती. सकाळी चिकची दुधाला उठला नव्हता.

माकुसानीच्या दवाखान्यात गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी डबे उघडले आणि त्या हसल्या नाहीत. पहिल्या डब्यातलं थोडं पाण्यात कालवून, गाळून त्यांनी काचेवर ठेवलं. "या, बघा."

सूक्ष्मदर्शकात जाड कवचाची तपकिरी अंडी दिसत होती. दाटीवाटीने. दुसऱ्या डब्यातल्या काचेवर बाईंनी बराच वेळ शोधलं, तेव्हा एखाददुसरं सापडलं.

"यातून निघणारे जीव पिल्लांची आतडी पोखरतात," त्या म्हणाल्या. "पोटात चांगले-वाईट जंतू एरवी शेजारी नांदत असतात. आतड्याला जखम झाली आणि वर पोटभर दूध मिळालं, की वाईटांची चंगळ होते. मग ते विष सोडतात."

"म्हणून गुबगुबीत आधी जातात?" नायदाने विचारलं. "ती जास्त दूध पितात म्हणून?"

"बरोबर ओळखलंस. ही अंडी ओल्या जागेत महिनोन् महिने टिकतात. औषध देते, पण वाडगं तसंच ठेवलंत तर त्याचा उपयोग नाही."

"आणि ज्याचं दुखणं सुरू झालंय, त्याचं?"

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "लवकर घरी जा," एवढंच म्हणाल्या.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि औषधाची बाटली कोनाड्यात ठेवून दिली. "माझा जन्म अल्पाकांत गेला. मला ती चष्मेवाली डॉक्टरीण शिकवणार?"

नायदाने बाटली उतरवली आणि चिकचीला स्वतः औषध पाजलं. त्याचं पोट ढोलासारखं ताणलं होतं. मग ती एलिसेओला म्हणाली, "पिल्लांसाठी साफ करत नाहीत ना? मग चुलीसाठीच करायला लावू."

सकाळी बाबा चहाची वाट बघत बसले.

"शेगडी पेटत नाही," आई म्हणाली. "सिलिंडरचा रेग्युलेटरच गायब आहे."

"गायब म्हणजे? पाय फुटले का त्याला?"

आईची नजर लुचोच्या दप्तराकडे गेली. सुट्टीत तो ते कधी नव्हे इतकं घट्ट धरून बसला होता.  मग आई म्हणाली, "लेंड्या आणा, मी चूल पेटवते. नाहीतर चहाही नाही आणि सूपही नाही."

बाबांनी चिडून फावडं उचललं. वरचा थर निघाला, तशी खालून अशी वाफ आणि दुर्गंधी आली की त्यांनी तोंडावर शाल ओढली.

"एवढं कधी साचलं?"

"गॅस आला तेव्हापासून," नायदा म्हणाली.

 बाबांनी फावडं खाली ठेवलं नाही. तिघं त्यांच्या बरोबरीने चिखल उपसत राहिले आणि आईने पिल्लांना वरच्या कोरड्या उतारावर हाकलून नेलं. निघालेल्या लेंड्या मात्र इतक्या ओल्या की चूल काही पेटेना.

तेवढ्यात ओढा ओलांडून ग्रेगोरिया आजी आली. पाठीवर टोपली, टोपलीत कोरड्या लेंड्या. "सकाळपासून तुमच्याकडे धूर दिसला नाही," ती आईला म्हणाली. "म्हटलं, पोरं उपाशी असतील." टोपली दाराशी रिकामी करून ती आल्या वाटेने परत गेली. बाबा वाडग्यात पाठमोरे उभे होते. किती तरी वेळ ते वळलेच नाहीत.

दुपारी नायदाच्या मांडीवर चिकची गेला. तिने त्याला आपल्या अंगावरच्या लोकरी पोंचोत गुंडाळलं होतं. शेवटी त्याने एकदा मान उचलली आणि पुन्हा ठेवली. लुचो मोठ्याने रडला. एलिसेओ ओढ्यावर जाऊन तोंड धुऊन आला, तरी डोळे लालच होते. नायदाने रेग्युलेटर बाबांच्या हातात दिला. ती म्हणाली, "मी लपवला होता."

बाबांनी त्याकडे पाहिलं. "पोरी, चार दिवस आधी लपवायला हवा होतास," ते म्हणाले. 

रविवारच्या सभेत बाबा सगळ्यांसमोर उभे राहिले. आपण ग्रेगोरियाबद्दल बोललो ते खोटं होतं, असं म्हणाले, पोरांनी काय शोधलं ते सांगितलं आणि माफी मागताना देतात तशी दोन्ही हातांनी तिला कोकाची पानं दिली. मग घराघरांतून फावडी निघाली. त्या आठवड्यात बाबांच्या कळपात आणखी एक पिल्लू गेलं, मग मरणं थांबलं. लोकांनी एलिसेओची पाठ थोपटली, लुचोला उचलून घेतलं. "आणि नायदा कुठे आहे?" आजीने विचारलं.

नायदा वाडग्यात होती. तळाची जमीन दिसेपर्यंत ते स्वच्छ झालं होतं. पुका एकटीच कळप सोडून खाली आली होती. ती प्रत्येक कोपरा हुंगत होती, हुंगून पुढे जात होती आणि बारीक आवाजात गुणगुणल्यासारखी साद घालत होती. चिखल गेला होता, त्याच्याबरोबर चिकचीचा वासही गेला होता.

नायदा धावत घरात गेली. धुवायच्या कपड्यांतून तिने तो पोंचो ओढून काढला आणि भिंतीच्या आडोशाला, चिकची झोपायचा तिथे, पसरून ठेवला. पुकाने मान खाली घातली. बराच वेळ हुंगत राहिली. मग पाय दुमडून पोंचोला लागूनच बसली, आणि तिचं गुणगुणणं हळूहळू थांबलं.