अजून ये... अजून...

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मी यात पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

हे माझ्या मालिनीमावशीच्या बाबतीत घडलं. मावशी ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहते. चौतीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट होती. अमावास्या कधी येते आणि जाते, तिला आजही माहीत नसतं.

सप्टेंबर २०२३. रविवार. संध्याकाळचे साडेपाच. नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, एका तळ्याकाठचं कॅम्पग्राउंड.

ऊन लख्ख होतं. अंधारात भास झाला असेल, असं म्हणायची सोय नाही.

रिटायर झाल्यावर मावशीच्या नवऱ्याने, श्रीरंगकाकांनी, आरव्ही घेतली. बत्तीस फुटी. चाकांवरचं घरच. छोट्या छोट्या गावांत मुक्काम करत कॅलिफोर्नियाला पोचायचं, हा त्यांचा बेत. तिथे सनीव्हेलला त्यांची मुलगी प्रीता. तिला ऑक्टोबरअखेर बाळ व्हायचं होतं.

त्या रविवारी दुपारी, एका गॅस स्टेशनवर मावशीचा फोन वाजला. जावई होता, देवांग.

बाळ झालं होतं. पाच आठवडे आधी. मुलगी. काचेच्या पेटीत ठेवलं होतं.

"कधी?" मावशीने विचारलं.

"काल. मी बाबांना काल संध्याकाळीच मेसेज केला होता. 'ओके' म्हणाले ते."

मावशीने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"तुझ्या फोनला रेंज नव्हती," काका म्हणाले. "आणि सांगितलं असतं तर तू लगेच एअरपोर्ट, एअरपोर्ट केलं असतंस. बाळ स्टेबल आहे. फोर डेजमध्ये पोचतोच आहोत आपण."

"माझी मुलगी हॉस्पिटलमध्ये होती. आणि तू काल जेवताना मला फॉसिल्सबद्दल सांगत होतास?"

"ड्रामा नको करू, मालिनी."

त्यानंतरचे दीडशे मैल मावशीने दात इतके आवळले होते की कानशिलं दुखायला लागली.

कॅम्पग्राउंड रिकामं होतं. एकही गाडी नाही. फाटकाशी एका ट्रेलरमध्ये तिथली देखरेख करणारी म्हातारी राहत होती. तिने नाव लिहून घेतलं. "कुठेही लावा," म्हणाली.

काकांनी अगदी तळ्याजवळची जागा निवडली.

मावशी खाली उतरली. आणि तिला काहीतरी खटकलं...

पाखरांचा आवाज नव्हता. किड्यांचा नव्हता. गवत वाऱ्याने लोळत होतं, पण त्याचीही सळसळ नव्हती.

जागेच्या मागे थोडी खडी. मग एकदम उतार. खाली पाणी.

एवढी मोठी गाडी रिव्हर्स घेताना एकाने मागे उभं राहून वॉकीटॉकीवर सांगावं लागतं. ते काम नेहमी मावशीचं. आणि बोलणी खायची, तीही तिनेच.

"नीट सांग," काका खिडकीतून म्हणाले. "लास्ट टाइम झाड घासलं."

मावशी मागे जाऊन उभी राहिली. वॉकीटॉकी हातात होता. तिने मनाशी ठरवलं, आज तोंडच उघडायचं नाही. बघ म्हणावं, तुझं तू.

गाडी हळूहळू मागे येऊ लागली.

आणि तिच्या हातातला वॉकीटॉकी बोलला...

"ये..."

मावशीने हाताकडे बघितलं.

तिचा अंगठा बटणावर नव्हता.

"ये... ये... अजून ये..."

तिचाच आवाज होता. तिच्यासारखा नाही, तिचाच. फक्त त्यात राग नव्हता. लहान मुलाला बोलवावं तसा गोड.

गाडी येत राहिली. खडी संपत आली.

"अजून... अजून..."

मागचं चाक कडेवरून खाली गेलं. बत्तीस फुटी गाडी करकरत एका बाजूला कलली.

तेव्हा मावशी ओरडली. "थांब. श्रीरंग, थांब."

ब्रेक लागला. चाक हवेत लटकत राहिलं.

काका पुढच्या दाराने बाहेर पडले. पांढरेफटक. "अजून ये, अजून ये म्हणत होतीस," एवढंच म्हणाले.

म्हातारी गोल्फ कार्टमधून आली. तिने लटकतं चाक बघितलं. लागलंय का, असं काहीसुद्धा विचारलं नाही. मावशीजवळ येऊन हळूच म्हणाली,

"कुणाचा आवाज होता? तुमचाच?"

मावशीचा संताप उसळला. "माहीत होतं तर सांगितलं का नाहीस?"

"सांगून बघितलंय," म्हातारी म्हणाली. "लोक हसतात."

मग तिने टो ट्रकला फोन केला आणि निघून गेली.

मावशी टो ट्रकवाल्याबरोबर गावात गेली, तिथून डेन्व्हर, तिथून विमानाने सनीव्हेल. काकांचा निरोपही घेतला नाही. गाडी दुरुस्त करून ते पाच दिवसांनी पोचले. नातीला बघितलं, डोळे पुसले. मग मावशीला बाजूला घेऊन म्हणाले,

"प्रीताला मी काही सांगणार नाही. तू रागात होतीस. मी माफ केलंय तुला."

"मी बटण दाबलं नव्हतं, श्रीरंग."

"मग तुझ्या आवाजात कोण बोललं?"

  न केलेल्या गोष्टीची माफी मिळाली, याचा राग तिला अजून आहे. काकांनी गाडी विकली. तो विषय ते काढत नाहीत.

पण मला मावशीने एक सांगितलंय, जे तिने काकांना कधीच सांगितलं नाही.

"ऋता, ते मी बोलले नव्हते. पण मला कड दिसत होती. चाक खाली जाईपर्यंत मी नुसती बघत उभी होते. घाबरून नाही."

परवा दुपारी मी माझ्या घरून, मॉरिसव्हिलहून, मावशीला फोन केला. प्रीताच्या मुलीबद्दल बोलत होतो. ती आता धावते म्हणे. मावशी हसत होती.

तेवढ्यात मागून, घराच्या वरच्या मजल्यावरून काकांचा आवाज आला...

"हो गं, आलो."

मावशीचं हसू थांबलं.

ती माझ्याशी बोलत होती. तिने हाक मारलीच नव्हती.

"हे कितव्यांदा, मावशी?" मी विचारलं.

 जिन्याकडे धावत जाताना ती रागाने ओरडलेली मी ऐकली.

"मी बोलावलं नाहीये तुला. जिथे आहेस तिथेच थांब."

 मग फोन कट झाला.