बाहीवरचा कोळसा

मास्तरांचं काम तसं सरळ होतं. बायबलातलं एक जुनं ग्रीक पत्र आपल्या बोलीत आणायचं. ओळ झाली की संध्याकाळी बायकोला वाचून दाखवायची, तिच्या कानाला खटकली तर खोडायची. शिवणकाम करणारी बाई ती. उसवलेलं तिला लगेच कळायचं.

पण चार वर्षांची लेक तापात गेली, तेव्हापासून बाईनं बोलणंच सोडलं. दरवर्षी एक झगा शिवायची, आदल्या झग्यापेक्षा बोटभर मोठा, आणि लेकीच्या खुर्चीला अडकवायची. शेवटी बाईच्या थोरल्या भावानं, दादानं, वेड्यांच्या इस्पितळात खाट सांगून ठेवली. आज सकाळीच तो येऊन सांगून गेला होता, संध्याकाळी गाडी घेऊन न्यायला येतो. मास्तरही थकून ‘बरं’ म्हणाले होते.

दिवेलागणीला मास्तरांनी टेबलावर एक कागद पसरला. कुठल्याशा जुन्या थडग्यावर कागद धरून, वरून कोळसा घासून मित्रानं अक्षरं उतरवून पाठवली होती. समोर बाई त्यांच्या सदऱ्याला गुंडी लावत होती.

“ऐकतेस ना गं? एका शब्दापाशी गाडं अडलंय. होमेइरोमाइ. अख्ख्या नव्या करारात एकदाच येतो. आई लेकरांना उराशी धरते, तसं आम्हाला तुमच्याविषयी… आणि पुढं हा शब्द. आला कुठून, पंडितांनाही नक्की ठाऊक नाही. कुणी म्हणतं, आस लागणं. कुणी म्हणतं, एकमेकांना बांधलं जाणं. आणि हा दगड बघ… आईबापांनी गेलेल्या लेकरासाठी कोरून घेतलेला. त्यावरही हाच शब्द.”

सुई थांबली. बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं.

“ओढ,” बाई म्हणाली.

तिचा आवाज ऐकून मास्तरांचे डोळे भरून आले. “ओढ लिहू?”

“लिहा. पण ओढ एका बाजूनं नसते हो.” तिनं दोरा ताणून धरला. “दुसरं टोक कुणीतरी धरलेलं असतं. म्हणून तर ताण बसतो.”

तेवढ्यात कागद करकरला. कुणी कोपर टेकून वाकावं, तसा. नुकत्याच न्हालेल्या केसांचा वास आला… ओलसर, कोवळा. मास्तरांनी मान वर केली.

“अगं…”

“हळू,” ती कुजबुजली. “वाचत राहा. थांबलात की ती उठून जाते…”

मास्तर वाचत राहिले. लेक होती तेव्हा अशीच कागदावर वाकून ओळीखालून बोट फिरवायची. अक्षर एक कळायचं नाही, पण ऐट पंडिताची!

दार वाजलं. वास विरला.

दादानं आत येऊन दिवा मोठा केला. “चल बाळे, आवर. गाडी उभी आहे.”

मास्तर कागदाकडेच बघत होते. त्या शब्दाखालून कोळसा पुसत गेलेली एक बारीक रेघ होती.

“गाडी परत पाठवा,” ते म्हणाले. “ती कुठं जाणार नाही.”

“मास्तर, तुम्हीसुद्धा? आता दोन खाटा सांगू का?” दादा वैतागून लेकीच्या खुर्चीला टेकला आणि थबकला. “सकाळी तर कोरा करकरीत होता हा झगा. बाह्या कुणी मळवल्या?”

दोन्ही बाह्या मनगटापाशी काळ्या होत्या.

बाईनं झगा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि कधी नव्हे ती हसली.

“कोळसा धुतला की जाईल,” ती म्हणाली. “पण खांद्यात बघ ना, दादा… शिवण उसवलीय. पुढचा दोन बोटं सैल शिवायला हवा.”